एकिडनाचे मागचे पाय

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एस.टी.त तुम्ही मामांच्या शेजारी बसला असतात, तर बडनेरा यायच्या आत त्यांनी तुम्हाला विचारलंच असतं, "अंडं देते आन् पिलाले दूधबी पाजते. सांगा, कोन?"

लोक आधी त्यांच्याकडे नीट बघून घ्यायचे. धुतलेला पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं, मांडीवर पिशवी. माणूस शुद्धीवर आहे अशी खात्री झाली की मग उत्तर द्यायचे. वटवाघूळ हे उत्तर सगळ्यांत जास्त यायचं. एकदा मी त्यांच्या पुढच्याच बाकावर होते. एका म्हाताऱ्या काकांनी प्रश्न ऐकून घेतला, विचार केला आणि म्हणाले, "असं जनावर असन तं आमाले आनून द्या एक. कोंबडीबी नको आन् म्हसबी नको." सगळी गाडी हसली. मामांना विनोद कळत नव्हता असं नाही, पण या एका विषयात तो चालत नसे. ते गंभीरपणे म्हणाले, "जमनार नाही दादा. वर्षाले एकच अंडं देते. तेबी द्राक्षाएवढं."

ते जनावर म्हणजे एकिडना. ऑस्ट्रेलियात आणि न्यू गिनीत राहतं, अंगभर काटे, नळीसारखं नाक, मुंग्या-वाळवी खातं. मामांनी ते जिवंत कधी पाहिलं नव्हतं. मीही पाहिलेलं नाही. पण मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. होऊन त्याच्याविषयी परीक्षेपुरत्या चार ओळी जाणत होते, आणि मामा बारावीला इंग्रजीत दोनदा नापास होऊन त्याच्याविषयी चार तास बोलू शकत होते.

मामा आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा परिचर. परिचरांना मामा म्हणायची रीत सगळ्याच कॉलेजांत आहे, पण आमच्याकडे पाच-सहा मामा असूनही नुसतं मामा म्हटलं की ते हेच. मी तिथे तासिका तत्त्वावर लागले तेव्हा त्यांची नोकरी संपायला तीन वर्षं राहिली होती. तासिका तत्त्वावर म्हणजे आज आहे, उद्या विचारून सांगतो. दर जूनमध्ये विभागप्रमुखांच्या केबिनबाहेर उभं राहायचं, त्यांनी शिफारस केली तर वर्षभर शिकवायचं. पहिल्याच दिवशी मामांनी मला म्युझियमची किल्ली दाखवली आणि अट घातली, "अठी हात लावाले मनाई नाही. पन आधी हात लावा, पाहा, मंग बोला. लोकं उलटं करतेत. आधी बोलतेत."

त्यांचं दुसरं आवडतं वाक्य होतं, "जनावर चुकत नाही, चिठ्ठी लिवनारा चुकते." बरण्यांवरच्या आणि काचपेट्यांवरच्या नावाच्या चिठ्ठ्या ते दर दिवाळीच्या सुट्टीत एकेक करून तपासायचे. एका सापाच्या बरणीवर बावीस वर्षं चुकीचं नाव होतं, ते त्यांनी शोधून काढलं होतं. त्यासाठी त्यांनी त्या सापाच्या पोटावरचे खवले फॉर्मॅलिनचा वास सोसत मोजले होते. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी शाबासकी म्हणून त्यांना एक कप चहा पाजला होता. मामा तो चहा अजून सांगतात.

एकिडनाला कोणी साळिंदर म्हटलेलं त्यांना खपत नसे. "साळिंदर कुरतडते," ते म्हणायचे, "याले दातच नाईत. जीभ हाये, वीतभर. वारुळात घातली का चिकटून येते सगळं." कोणी रागावलेलं, पेटलेलं दिसलं की म्हणायचे, "याले थोडं एकिडनाचं रगत द्या. बत्तीस डिग्रीवर राह्यते बिचारं. थंड डोक्याचं जनावर." विभागात कोणाचं लग्न ठरलं, कोणाला बढती मिळाली, कोणाच्या घरी काही वाईट झालं, तरी मामांकडे एकिडनाची एखादी गोष्ट तयार असायची. मी पुष्कळदा वैतागायचे. बाई आपली प्रॅक्टिकलची तयारी करतेय आणि हे सांगताहेत, नाकाच्या टोकाला विजेची जाण असते म्हणून, जमिनीत किडा हलला तरी त्याला कळतं म्हणून.

पण माझ्या बाळंतपणातली गोष्ट मला सांगायलाच हवी. मुलगी झाली आणि मला दूधच येईना. मी बडनेऱ्याला नवऱ्याच्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, सासूबाई, दोन नणंदा, शेजारणी, प्रत्येकीचा वेगळा उपाय, आणि प्रत्येकीच्या नजरेत एकच गोष्ट, की हिच्यातच काही कमी आहे. मी रडून रडून अर्धी झाले होते. एका रविवारी मामा आले. बायकोनं दिलेले हालिवाचे लाडू सासूबाईंच्या हातात दिले, खुर्चीत बसले आणि सगळ्यांदेखत मला म्हणाले, "मॅडम, एकिडनाले तं थनच नाईत."

सासूबाईंच्या हातातला डबा हातातच राहिला.

"खरंच नाईत," मामा त्यांच्याकडे वळून म्हणाले. "पोटाच्या कातडीतून दूध झिरपते. पिल्लू चाटून चाटून घेते. जलमते तवा नखाएवढं असते, तरी जगते. माय काई रडत नाही बसत. तुमी काहून रडून राह्यल्या?" मी कित्येक दिवसांनी हसले, इतकी की टाके दुखले. हसण्यानं दूध येतं असं मी शास्त्राची विद्यार्थिनी म्हणून म्हणणार नाही. पण त्या आठवड्यात आलं. तेव्हापासून मी मामांचं काहीही ऐकून घ्यायला लागले.

आमच्या म्युझियममध्ये एक पेंढा भरलेला एकिडना होता. कोणे एके काळी कुठल्यातरी पुरवठादाराकडून आलेला. त्याला कसर लागली. काटे गळायला लागले, पोट फाटून भुसा बाहेर आला. विभागप्रमुख, म्हणजे आमचे हेड सर, म्हणाले, टाकून द्या. मामांनी तो टाकला नाही. म्युझियमच्या मागच्या खोलीत नेला आणि तीन महिने रोज कॉलेज सुटल्यावर त्याच्यावर काम केलं. डोकं आणि चारी पाय जुनेच ठेवले. धड कागदाच्या लगद्याचं केलं. वाचलेले काटे मोजून घेतले आणि कमी पडले तेवढे बांबूच्या कामट्या तासून, टोकं भाजून बनवले. खरे कुठले आणि कामट्यांचे कुठले हे मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

या तीन महिन्यांत त्यांनी लायब्ररीतलं एक जाड इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचलं. अडलं की माझ्याकडे यायचे. एके दिवशी बोट ठेवून आले. "मॅडम, बॅकवर्ड म्हंजे मांगं न?" मी हो म्हटलं. "म्हंजे याचे मांगचे पाय मांगं वयलेले असतेत?" मी पुस्तक वाचलं, फोनवर दोन-तीन व्हिडिओ पाहिले. खरंच होतं. एकिडनाचे मागचे पंजे मागच्या बाजूला वळलेले असतात. तो सरळ खाली जमिनीत खोदत जातो तेव्हा माती ढकलायला ते उपयोगी पडतात, आणि मागच्या पायाचं एक नख लांब असतं, त्यानं तो काट्यांच्या मधली जागा खाजवतो. आमच्या जुन्या नमुन्याचे पाय मात्र पुढे होते. पेंढा भरणाऱ्यानंही तो जिवंत पाहिलेला नसणार. त्यानं आपल्या कुत्र्या-मांजरांसारखे पाय लावून दिले होते आणि इतकी वर्षं सगळे तेच बघत, तेच वहीत काढत आले होते.

मामांनी पाय मागे वळवून बसवले. पेटीवर नवी चिठ्ठी लावली. त्या दिवशी ते घरून पेढे घेऊन आले होते.

मग व्हायचं तेच झालं. झाडूवाल्या मावशींनी म्युझियमच्या उंबऱ्यावरूनच झाडू परत नेला. "उलट्या पायाची चुडेल असते," त्या म्हणाल्या, "म्या नाही येत अंदर." आर्ट्सची मुलं मधल्या सुट्टीत चुडेल पाहायला यायला लागली. मामांना आनंदच झाला, आयते श्रोते मिळाले. मावशींना मात्र त्यांनी स्टूल देऊन बसवलं आणि विचारलं, "मावशी, चुडेल अंडं देते काय?"

"नाई बाप्पा."

"पिलाले दूध पाजते काय?"

"तिले कुठचं पिल्लू."

"मंग? हे तं लेकुरवाळं जनावर हाये." मावशींनी पेटीत वाकून पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून झाडायला लागल्या. मावशींना पटलं ते मोठ्यांना पटेना, हीच पुढची गोष्ट आहे.

कॉलेजात बाहेरची समिती तपासणीला येणार होती. त्याआधी प्राचार्य सगळ्या विभागांतून फिरत होते. म्युझियममध्ये आले, एकिडनाच्या पेटीपाशी थांबले आणि हसले. "हे कोणी केलं? याचे पाय उलटे लावलेत की." मागे चार-पाच प्राध्यापक होते, तेही हसले. हेड सरांचा चेहरा उतरला. ते चटकन म्हणाले, "परिचरानं चुकून लावले सर. आजच सरळ करून घेतो." हेड सर वाईट नव्हते. माशांच्या पोटातल्या जंतांवर त्यांचं चांगलं काम होतं. एकिडनाचे पाय त्यांना माहीत नव्हते, एवढंच. पण प्राचार्यांसमोर 'चुकून' म्हणून झालं होतं आणि ते त्यांना गिळता येईना.

दुपारी त्यांनी मामांना बोलावलं. मी तिथेच वह्या तपासत होते.

"मामा, ते पाय सरळ करा."

"सर, सरळच हायेत ते."

"उलटे आहेत. सगळं कॉलेज हसतंय."

मामांनी पुस्तक आणलं, पान उघडून टेबलावर ठेवलं. हेड सरांनी पानाकडे पाहिलंच नाही. समिती येतेय, आता पुस्तकं उघडत बसायला वेळ नाही, इतकी वर्षं पाय पुढे होते तेव्हा कोणी काही म्हटलं नव्हतं, असं बोलत राहिले. मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "सर, म्या पाच महिन्यांनी रिटायर होतो. मंग याचे पाय पाह्यनारं कोनी नाही. पोरं जे दिसन तेच शिकतीन. तुमी म्हनता तं फिरवतो. पन लेखी द्या. एकिडनाचे मांगचे पाय पुढं असतेत, असं लिवा आन् खाली सही करा."

अशी मागणी कोणी केली तर रागवावं की हसावं हे हेड सरांना कळेना. ते खोटं लिहून देणारे नव्हते, आणि मागेही येऊ शकत नव्हते. त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "सस्तन प्राण्यांचा पेपर मॅडमचा आहे," ते म्हणाले. "मॅडम, तुम्ही द्या लिहून."

मे महिना होता. जून समोर होता. घरी आठ महिन्यांची मुलगी होती आणि नवऱ्याच्या बदलीची टांगती तलवार. ही सगळी कारणं मी नंतर जमवली. त्या क्षणी मनात फक्त भीती होती. मी कागद घेतला, एक ओळ लिहिली आणि सही केली. मला त्या अक्षरांची वळणं अजून दिसतात. हेड सरांनी कागद फाईलला लावला आणि बाहेर गेले.

मामांनी टेबलावरचं पुस्तक मिटलं. पक्कड आणि तार घेऊन म्युझियममध्ये गेले. मी मागे गेले आणि दारात उभी राहिले. त्यांनी एकिडना पेटीतून काढून मांडीवर घेतला, एकेक पाय सैल केला आणि पुढे वळवला. तासभर लागला. मी म्हटलं, "मामा, माझं चुकलं." त्यांनी मान वर केली नाही. "तुमची नोकरी जूनची हाये मॅडम," ते म्हणाले. "याची नोकरी पक्की हाये. मेलेल्याले कोन काढते?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यांच्या निरोप समारंभात शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहून म्हणाले, "म्युझियममधल्या सगळ्या चिठ्ठ्या, सगळे नमुने तपासून ठेवले. एक सोडून बाकी सगये बरोबर हायेत. तो एक मॅडमले माहीत हाये." लोकांना वाटलं, काहीतरी विभागातली गंमत असेल. टाळ्या पडल्या. मी खाली बघत राहिले. मामा अकोल्याला परत गेले आणि एस.टी.त ते कोडं घालणारा माणूस उरला नाही.

त्यानंतर सहा वर्षं मी मुलांना तो एकिडना दाखवला. पहिली दोन वर्षं भीतीनं गप्प राहिले, पुढची सवयीनं. मुलं समोर दिसेल ते वहीत काढायची, पाय पुढे, आणि मी खाली सही करायची. एका बॅचला साठ वह्या. मध्ये हेड सर निवृत्त झाले. मी कायम झाले. घाबरायला कोणी उरलं नाही तरी पाय पुढेच होते. शेवटी गेल्या हिवाळ्यात मोर्शीकडच्या एका मुलीनं, संत्र्याच्या बागा असलेल्या घरातली, मोठ्या आवाजाची पोरगी, प्रॅक्टिकलमध्ये फोन वर करून सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, व्हिडिओत तं याचे पाय मांगं हायेत. तुमी आमच्या वह्या बरोबर कश्या दिल्या?"

मी म्हटलं, पुढच्या तासाला सांगते. आणि त्या शनिवारी अकोल्याला गेले.

जुन्या शहरात, मोर्णेचा पूल ओलांडून आत गल्लीत त्यांचं घर. ओट्यावर त्यांच्या पत्नी तूर निवडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी सुपातून हात काढला नाही. "म्हंजे सहीवाल्या मॅडम," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं.

"लग्नात मले पाह्यलं नसन इतकं त्या जनावराले पाह्यलं त्यायनं. त्या दिवशी घरी आले तं जेवले नाई. दोन दिवस जेवले नाई. सांगून ठेवते, तुमाले माहीत असावं म्हनून." मग उठल्या आणि आत वळून हाक दिली, "आवो, तुमच्या मॅडम आल्या. चहा मांडते." माझे डोळे भरून आले ते त्या चहाच्या शब्दानं.

मामा बुद्धाच्या तसबिरीखाली पलंगावर बसले होते. वाळले होते, चष्मा जाड झाला होता. मी सगळं सांगितलं. पाय परत फिरवायचे आहेत, पण मला भीती वाटते, तार जुनी झाली असेल, पाय मोडेल, तुम्ही या, म्हटलं. ते म्हणाले, "येतो. पन म्या हात लावनार नाही."

पुढच्या तासाला ते आले. धुतलेला सदरा, खिशाला दोन पेनं. मुलं प्रयोगशाळेतल्या ओट्याभोवती उभी होती. मी एकिडना मध्ये ठेवला. मामांनी स्टूल ओढून घेतलं, पिशवीतून पक्कड काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी तार सैल करा. उजव्या आंगाची. जोर लावू नका, गोल फिरवा."

मी तार गोल फिरवली. पहिला पाय सुटला तेव्हा मी थांबले आणि मुलांना सांगितलं. हे पाय मागेच होते. या मामांनी बरोबर बसवले होते. ते पुढे असतात असं मी लिहून दिलं, मला खरं माहीत असूनही, नोकरी जाईल म्हणून. नंतर तुमच्याआधीच्या सहा बॅचच्या आणि तुमच्या वह्यांवरही सह्या केल्या. ते सगळं चूक आहे. एवढं बोलायला मला सहा वर्षं लागली होती, आणि बोलून झालं तेव्हा घड्याळात दोन मिनिटंसुद्धा गेली नव्हती. मोर्शीच्या मुलीनं वही उघडून माझी जुनी सही पाहिली.

मामा मुलांकडे वळले. "मॅडमचं ध्यान देऊन आयका," ते म्हणाले. "या जनावराचे पाय कुठं असतेत ते अख्ख्या अमरावतीत त्यायच्याइतकं पक्कं कोनाले माहीत नाही. लय महागात शिकल्या त्या."

दुसरा पाय मी न विचारता फिरवला. मोडला नाही. मुलांनी रबरानं जुने पाय खोडले आणि बाकांवर वाकून नवे काढायला लागली. मामा स्टुलावरून उठून एकेकाच्या खांद्यावरून बघत फिरले. मोर्शीच्या मुलीपाशी थांबले, तिचं चित्र चष्मा वर करून पाहिलं, तिची वही उचलली आणि उघडीच माझ्यासमोर आणून ठेवली. खिशातलं एक पेन काढून दिलं.

"बरोबर हाये," ते म्हणाले. "आता करा सही."